मंठ्याचा समुद्र

मंठ्याला समुद्र नाही, ही गोष्ट राजानंद खरातांनी कधीही कुणापासून लपवली नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्यांच्यावर नाही नाही ते आरोप झाले. त्यांना कुणी विचारलं असतं, तर त्यांनी छातीठोकपणे सांगितलं असतं. पण कुणी विचारलंच नाही. सरकारी नोकरीत विचारलं तेवढंच सांगावं. न विचारलेलं सांगणारा माणूस एक तर नवा असतो किंवा निलंबित असतो, असं खरातांचं ठाम मत होतं. त्या मताच्या जोरावर त्यांनी आजवरची नोकरी डाग न लागता काढली होती.

नियोजन विभागाचं एक उपकार्यालय मंठ्यात भाड्याच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर होतं. तिथे खुर्च्या भरपूर होत्या, बसणारे खरात एकटेच. सर्जेराव नावाचा शिपाई होता, पण तो बसण्यापेक्षा खाली चहाच्या गाड्याजवळ उभा राहणं पसंत करी. खरातांची बदली जालन्याला झालेली होती. होऊन दोन दिवाळ्या उलटल्या होत्या. आदेशाच्या शेवटी एक ओळ होती: ‘पर्यायी कर्मचारी रुजू झाल्यानंतरच कार्यमुक्त करावे.’ पर्यायी कर्मचारी काही रुजू होत नव्हता. ज्याची ज्याची मंठ्याला नेमणूक होई, तो तो आजारी पडे. एकाने तर आदेश मिळाल्या दिवशीच कंबर धरली, आणि ती आदेश रद्द झाल्यावरच सोडली.

जालन्यात खरातांचं घर होतं. बायको संध्या शाळेत शिक्षिका, मुलगी अक्षता अकरावीत. शनिवारी संध्याकाळी खरात घरी पोहोचत आणि सोमवारी उजाडायला वाटूरमार्गे परत येणारी एसटी पकडत. घरी त्यांना चहा मिळे तो कपबशीतून. काठावर गुलाबाची फुलं असलेला तो सेट फक्त पाहुण्यांसाठी काचेच्या कपाटात ठेवलेला असे. संध्या आणि अक्षता आपापल्या स्टीलच्या पेल्यातून चहा पीत. त्यांचाही एक पेला होता, त्यावर त्यांचं नाव कोरलेलं होतं. तो हळूहळू डाळीच्या डब्यात माप म्हणून गेला. पहिल्यांदा कपबशी समोर आली तेव्हा खरात म्हणाले, “हे काय?” अक्षता म्हणाली, “पप्पा, पाहुण्यांना पेल्यात देतात का?” ती हसत म्हणाली, संध्याही हसली. खरात हसले नाहीत. सोमवारी एसटीत वाटूर येईपर्यंत त्यांच्या डोळ्यासमोर तो डाळीतला पेला होता.

तर मुद्दा असा, की खरातांना एक माणूस हवा होता. कसलाही, कुठलाही, फक्त मंठ्याच्या खुर्चीत बसेल असा. त्यासाठी त्यांनी पाणलोट, फलोत्पादन, डोंगरी विकास, ज्या ज्या कार्यक्रमातून पद मिळू शकेल, तिथे तिथे मागणी केली. सगळीकडून एकच उत्तर आलं, ‘निधीअभावी शक्य नाही.’ आणि ज्या एका कार्यक्रमात त्यांनी मागितलंच नव्हतं, तिथून ते मिळालं.

त्याचं असं झालं. किनारा कार्यक्रम नावाचं एक प्रकरण वर कुठेतरी चालू होतं. त्याचा मासिक तक्ता राज्यातल्या तमाम नियोजन कार्यालयांना ईमेलने येई. तो फक्त किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांना पाठवावा, एवढा विचार करायला तिथेही माणूस नसावा. बाकीचे लोक तो तक्ता उघडतही नसत. पण खरातांच्या टेबलावर आलेला कागद उत्तर घेतल्याशिवाय परत जात नसे. ते दर महिन्याला तक्ता भरत. किनाऱ्याची धूप: निरंक. किनाऱ्यावरील अतिक्रमणे: निरंक. बुडालेल्या व्यक्ती: निरंक. जखमी कासवे: निरंक. प्रलंबित तक्रारी: निरंक. शेवटी ‘शेरा’ असा एक रकाना होता, तो रीतीप्रमाणे कोरा. शेरा कोरा ठेवायचा असतो, हे नोकरीला लागल्यावर पहिल्या आठवड्यात शिकवतात.

आणि एक दिवस अभिनंदनाचं पत्र आलं. किनारा कार्यक्रमात मंठा राज्यात पहिला आला होता. धूप नाही, अतिक्रमण नाही, एक माणूस बुडालेला नाही, एका कासवाला खरचटलेलं नाही, आणि अहवाल कायम वेळेत! किनाऱ्यावरच्या कार्यालयांना म्हणे बैठकीत मंठ्याचं उदाहरण देऊन झापण्यात आलं. कोकणातून एका साहेबांचा फोनसुद्धा आला. “खरात, अतिक्रमण कसं काय रोखलंत हो तुम्ही?”

“लोकांना तिकडं फिरकूच दिलं न्हाई,” खरात म्हणाले. यात खोटं काय होतं?

पत्राच्या शेवटी असंही होतं, की उत्कृष्ट कामाबद्दल मंठ्याला किनारा समन्वयकाचं एक पद निधीसह मंजूर करण्यात येत आहे. खरातांनी ती ओळ दोनदा वाचली. पण ते सरळ मनाचे गृहस्थ होते. त्यांनी कागद ओढला आणि ‘सविनय कळविण्यात येते की मंठा येथे समुद्र’ एवढं लिहिलंही. मग वाटलं, आधी जालन्याच्या मोठ्या साहेबांच्या कानावर घालावं. साहेबांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “खरात, तुम्हाला माणूस पाहिजे का समुद्र?”

“माणूस, साहेब.”

“मंग?”

संध्याकाळी त्यांनी घरमालक बालकिशनजींनाही विचारलं. बालकिशनजींचा मंठ्यात आडतीचा धंदा होता. त्यांच्या पणजोबांनी मारवाडातून येऊन इथे दुकान टाकलं, तेव्हापासून मंठ्यातल्या प्रत्येक माणसाला सल्ला देणं हे त्या घराण्याचं व्रत होतं.

“खरातजी, तुम्ही बी कमाल करून राह्यले,” बालकिशनजी म्हणाले. “माणूस मिळतो ना? पगार सरकार देऊन राह्यलं ना? मंग समुद्राची चिंता समुद्र करील. चुपचाप बसा बिलकुल!”

खरात बिलकुल चुपचाप बसले. त्या अर्धवट कागदाच्या मागच्या बाजूवर त्यांनी किराणा लिहून काढला.

पण सरकारी पद असं सुखासुखी येतं थोडंच? वरून कळवण्यात आलं की आधी साहित्य येईल, साहित्याचा वापर सुरू झाला की माणूस येईल. साहित्य म्हणजे टेबल-खुर्ची असेल असं खरातांना वाटलं. साहित्य म्हणजे होडी होती.

होडी ट्रकवरून आली. वाटूरच्या चौकात ड्रायव्हरने गाडी थांबवून समुद्र कोणत्या बाजूला आहे असं विचारलं. तिथे सल्ला देणाऱ्यांची काय कमी! एकाने परभणीकडे हात केला, एकाने जिंतूरकडे. तिसरा म्हणाला, “समुद्र म्हायती न्हाई, पण खरात साहेब मंठ्याला हायेत.” मंठ्यात ट्रक शिरला तेव्हा त्याच्यामागे मोटारसायकलींची रांग होती. निळीपांढरी, चकचकीत, पोटावर ‘जीवरक्षक’ असं लिहिलेली फायबरची होडी आणि नारिंगी जीवरक्षक जॅकेटांचं एक मोठं बोचकं. खरात खाली येऊन उभे राहिले. सगळं गाव त्यांच्याकडे असं बघत होतं, जणू ती होडी त्यांनीच हौसेने मागवली होती.

होडी कार्यालयाच्या जिन्यातून वर जाईना. आडवी जाईना, उभी जाईना. ‘साहित्य कार्यालयातच ठेवावे’ असं पत्रात बजावलेलं असल्यामुळे सर्जेरावाने जिना फोडण्याची तयारी दाखवली. शेवटी बालकिशनजींनी आपल्या गोदामातली सोयाबीनची पोती एका बाजूला सारून जागा करून दिली. होडी तिथे पालथी ठेवली. दुसऱ्या दिवशी खरात बघायला गेले, तर होडीच्या पोटावर बालकिशनजींच्या पत्नी बसंतीबाई मूगडाळीच्या मंगोड्या, म्हणजे सांडगे, घालत होत्या. गोदामाच्या दारातून ऊन बरोबर तिथेच पडत होतं.

“काकू, ही सरकारी मालमत्ता हाये,” खरात कळवळून म्हणाले.

“वाळल्या की तुम्हाला बी देते ना,” बसंतीबाई म्हणाल्या.

पुढचे दिवस खरातांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. रस्त्याने निघालं की लोक विचारत, “भरती कधी हाये, साहेब?” शेजारच्या उषाबाईंनी तर होडीत पाणी भरून म्हशीला बसवावं असं सुचवलं. म्हशीला उन्हाचा त्रास होतो, दूध कमी देते, आणि साहेबांचं काही अडलेलं दिसत नाही! खरातांनी उषाबाईंना कार्यक्रमाची उद्दिष्टं समजावून सांगितली. उषाबाईंनी ती शांतपणे ऐकली आणि विचारलं, “यात म्हशीला मनाई कुठं हाये?” मनाई नव्हती. खरातांनी खोलीवर जाऊन पत्र पुन्हा वाचलं, खरंच नव्हती. त्याचा त्यांना जास्तच राग आला.

तेवढ्यात वरून विचारणा झाली: साहित्याचा वापर सुरू झाला का? झाल्याचे फोटो पाठवावेत. फोटोशिवाय माणूस नाही.

आणि नेमके त्याच आठवड्यात बालकिशनजी हात चोळत आले. त्यांच्या जैन भागीदाराचा मुलगा जिनेंद्र, त्याचं लग्न होतं. लग्नाआधी नवरदेवाची गावातून वाजतगाजत बिंदोरी काढायची. घोडी तर सगळेच आणतात. जिनेंद्रची इच्छा होती की आपली बिंदोरी होडीतून निघावी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर होडी, होडीत नवरदेव.

“बिलकुल जमणार न्हाई!” खरात ताडकन उभे राहिले. “शासकीय होडी हाये ती. वरातीची गाडी न्हाई.”

“गोदामाचा खर्चा मी मागितला का?” बालकिशनजी मायेने म्हणाले. “न्हाई मागितला. आन् फोटो तर तुम्हालाच पाहिजेत ना?”

खरात खाली बसले. त्यांची नजर भिंतीकडे गेली. भिंतीवर बदलीच्या आदेशाची झेरॉक्स चिकटवलेली होती. मग त्यांनी दोन अटी घातल्या. एक, होडी खरातांच्या ताब्यातली असल्यामुळे तीत ते स्वतः हजर राहतील. दोन, होडीत बसणाऱ्या प्रत्येकाने जीवरक्षक जॅकेट घालणं नियमाने बंधनकारक आहे.

ती बिंदोरी मंठ्यात अजून कुणी विसरलेलं नाही. पुढे बँड, मागे ट्रॅक्टर, ट्रॉलीवर होडी. होडीत शेरवानीवर नारिंगी जॅकेट घातलेला जिनेंद्र, त्याच्या करवल्या, त्यांच्या जरीच्या ओढण्यांवर जॅकेटं, आणि सगळ्यांत मागे, हातात वल्हं धरून, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं करून बसलेले राजानंद खरात. वल्हं त्यांनी हौसेने धरलं नव्हतं. ते साहित्याच्या यादीत होतं आणि गर्दीत हरवलं तर त्याची भरपाई खरातांच्या पगारातून झाली असती. पण हे कुणाकुणाला सांगणार? बाजारपेठेत बायका माड्यांवरून फुलं टाकत होत्या. कुणीतरी ओरडलं, “साहेब, जरा वल्हवा की!” लहानथोर सगळे हसले. याच खरातांनी इथल्या चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी उभं राहून अर्ज कसा लिहावा यावर गेल्याच महिन्यात भाषण दिलं होतं. तोच माणूस आज होडीत बसून चौकातून चालला होता, आणि त्याच चौकातले लोक मोबाइल वर धरून उभे होते. खरातांनी वल्हं आणखी घट्ट धरलं. त्यांनी मनातल्या मनात स्टीलचा पेला आठवला आणि दात आवळून धरले.

फोटो गेले. वरून उत्तर आलं: ‘लोकसहभाग उल्लेखनीय. जॅकेटचा वापर शंभर टक्के. अभिनंदन.’ आणि लवकरच माणूस आला.

सूरज तांडेल त्याचं नाव. मालवणकडचा, कोळ्याचा पोरगा, नोकरीत नवा. पाठीवर सॅक, हातात आईने दिलेली सुक्या बांगड्यांची पिशवी. तिच्या वासाने सर्जेराव जिन्यातूनच मागे फिरला. “किनारा कक्षात नेमणूक म्हटल्यावर आई खूश झाली,” सूरज म्हणाला. “म्हणाली, घराजवळच असणार.” खरातांनी त्याचं पुढचं बोलणं ऐकलं नाही. ते कार्यभार देण्याच्या घाईत होते. खुर्च्या मोजून दिल्या, कपाट दिलं, गोदामात नेऊन होडी दाखवली. मंगोड्या बाजूला सारून सूरजने होडीवरून हात फिरवला.

“होडी चांगली आहे,” तो म्हणाला. “समुद्र कुठे आहे, सर?”

“जल्दी काय हाये?” खरात म्हणाले. “कामाच्या ओघात कळंल.”

जिना उतरताना त्यांना मागून सूरजचा फोनवरचा आवाज ऐकू आला, “आये, हंय समुद्र नाय गो.” खरातांचा पाय क्षणभर अडखळला. पण जालन्याची गाडी लागलेली होती, आणि गाडी कुणासाठी थांबत नसते.

जालन्यात त्या संध्याकाळी अक्षताने डाळीच्या डब्यातून पेला काढला, चिंच लावून घासला आणि त्यात चहा दिला. पेल्यावर ‘रा. खरात’ हे नाव अजून शाबूत होतं. चहाला किंचित तुरीच्या डाळीचा वास येत होता. खरातांनी तो सावकाश प्यायला आणि पुन्हा मागितला. “आता पप्पा इथलेच झाले,” संध्या म्हणाली. जालन्याच्या कार्यालयात त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. ते रोज दुपारी घरी जेवायला जाऊ लागले. नळाला पाणी आलं की भांडीसुद्धा भरू लागले. इतकं साधं सुख माणसाला लाभावं, तर सूरज तांडेलने पहिला तक्ता भरला.

त्याला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. शिकवणार कोण? खरात तर निघून आले होते. त्याने सगळे रकाने निरंक भरले आणि मग शेवटच्या रकान्याशी येऊन त्या भाबड्या पोराने शेरा लिहिला. चक्क शेरा! ‘येथे समुद्र आढळून येत नाही.’

खरातांना नोटीस आली ती अशी: ‘आपल्या कार्यकाळात मंठा किनाऱ्याबाबतचे अहवाल नियमित प्राप्त होत होते. आपण कार्यभार सोडल्यानंतरच्या पहिल्याच अहवालात समुद्र आढळून येत नसल्याचे नमूद आहे. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीतही समुद्राचा उल्लेख नाही. सबब, समुद्र कोणाच्या ताब्यात होता याचा खुलासा करावा. खुलासा मान्य होईपर्यंत आपण मूळ ठिकाणी, मंठा येथे, हजर राहावे.’

“म्हणजे मी समुद्र नेला?” खरात कार्यालयात ओरडले. “पिशवीत घालून नेला का मी समुद्र? एसटीत कंडक्टरनं लगेज न्हाई लावलं?” मोठे साहेब म्हणाले, “खरात, ओरडून काय होणार? समुद्र न्हवताच, असा एक दाखला आणा. विषय संपला.”

खरात मंठ्याला येऊन तलाठ्याकडे गेले. तलाठ्याने पान थुंकून नीट ऐकून घेतलं.

“सातबाऱ्यावर विहीर असली तर मी विहीर लिहितो,” तो म्हणाला. “नसली तर कोरं. जे न्हाई ते लिहीत बसलो, तर मला मेल्यावर बी सुट्टी न्हाई. आज तुम्ही समुद्र न्हाई म्हणून लिहून घ्याल, उद्या कोनी म्हनंल हिमालय न्हाई म्हणून लिहून द्या.”

“पण समुद्र न्हाईच ना इथं!”

“आता न्हाई, हे तर मी बी पाहून राह्यलो,” तलाठी म्हणाला. “आधी होता का न्हाई, ते मी कसं सांगू? मी परवाच बदलून आल्तो.”

खरातांनी त्या माणसाकडे बघितलं आणि त्यांना कळून चुकलं, की हा अगदी त्यांच्यासारखाच चांगला कर्मचारी आहे. विचारलं तेवढंच सांगतो, दिसतं तेवढंच लिहितो, आणि शेरा कोरा ठेवतो. चीड येऊन त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती चीड नेमकी कुणावर काढावी तेच त्यांना कळेना.

समुद्र नसल्याने सूरजचं पद अर्थातच रद्द झालं आणि त्याला मालवणला परत पाठवण्यात आलं. जाताना तो खरातांच्या पाया पडला. “तुमच्यामुळे घरी चाललोय सर,” तो म्हणाला. तो अगदी मनापासून म्हणाला, म्हणून त्याला काही बोलताही येईना. खरातांनी त्याला आईसाठी मंगोड्यांची पुडी दिली. होडी, जॅकेटं आणि वल्हं यांचा ताबा परत खरातांकडे आला. पालथी होडी सरळ करून बालकिशनजींनी तोवर तीत हरभरा भरला होता.

शनिवारी संध्याकाळी खरात जालन्याच्या घरी पोहोचले. बूट काढले, हातपाय धुतले आणि बैठकीतल्या खुर्चीत बसले. अक्षता चहा घेऊन आली. तिने बशी टीपॉयवर ठेवली, तिच्यावर कप ठेवला, कपाच्या काठावरची गुलाबाची फुलं त्यांच्याकडे वळवली.

“पेला कुठं हाये माझा?” खरातांनी विचारलं.

“डाळीत,” अक्षता म्हणाली. मग तिने क्षणभर त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यांच्या शेजारी खुर्चीच्या हातावर येऊन बसली. “पप्पा, समुद्र सापडला की फोन करा. मी स्टँडवर घ्यायला येते.”

आतून संध्याने, बिस्किटं देऊ का, असं विचारलं. खरात म्हणाले, “दे.”